उजाडल्यावरची चिठ्ठी: जपानी प्रणयरीतीची एक रात्र आपल्या घरी

जपानी प्रणय म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गेइशा येते. पण गेइशा ही नाच, गाणं, वादन वर्षानुवर्षं शिकलेली कलावंत. दोघांच्या संसारातल्या प्रेमाशी तिचा संबंध नाही. जोडप्यांनी जपानकडून घ्यावं असं जे आहे ते तिच्याहून कितीतरी जुनं आहे. त्यातलं मला सगळ्यात प्रिय म्हणजे रात्रीच्या भेटीनंतर सकाळी पाठवायचं पत्र.

हेइआन काळात, म्हणजे इ. स. ७९४ ते ११८५, राजधानी आजच्या क्योतोत होती. दरबारी घराण्यांत नवरा बहुधा रात्री बायकोच्या माहेरी जायचा आणि उजाडायच्या आत परतायचा. सलग तीन रात्री आला की लग्न पक्कं. तिसऱ्या रात्री दोघांना 'मोची', म्हणजे चिकट तांदळाचे मऊ गोळे, खायला देत. झोपताना दोघांची वस्त्रं एकावर एक पांघरलेली असत आणि पहाटे ज्याचं त्याने उचलून अंगावर घ्यायचं. त्या ताटातुटीच्या पहाटेला नावच पडलं 'किनुगिनु', वस्त्र आणि वस्त्र. मग घरी पोहोचताच पुरुषाने पत्र पाठवायचं. ते जितकं लवकर येईल तितकी ओढ खरी. दुपार झाली तरी पत्र नाही, तर काय समजायचं ते ती समजायची.

ही रात्र आपल्या घरी अशी मांडता येते.

पहिली पायरी: तिथी बघा

कॅलेंडरवर पौर्णिमा शोधा आणि तिच्यापुढच्या तीन-चार रात्रींतली एक निवडा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि जपानीत या प्रत्येक चंद्राला वेगळं नाव आहे. सोळाव्या रात्रीचा 'इझायोई', घुटमळणारा. सतराव्याचा 'ताचिमाचि', त्याची उभ्याने वाट बघायची. अठराव्याचा 'इमाचि', बसून वाट बघायची. एकोणिसाव्याचा 'नेमाचि', आडवं होऊन. हा शेवटचा म्हणजे साधारण आपल्या संकष्टीचा चंद्र. उपास सोडायला गच्चीत ताटकळणाऱ्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. मी 'इमाचि'ची रात्र धरते: जेवणं उरकून, गॅलरीत सतरंजी टाकून बसायला ती बेताची असते.

दुसरी पायरी: पाणी

जपानी स्नानाचा नियम पक्का आहे. आधी टबाबाहेर साबण लावून, अंग स्वच्छ धुऊन घ्यायचं, मगच गरम पाण्यात उतरायचं. ते पाणी मळ काढायला नसतं, नुसतं बसायला असतं. जवळची माणसं एकमेकांची पाठ चोळून देतात.

आपल्या बहुतेक घरांत टब नसतो. पण जपानात गरम झऱ्यांच्या गावी 'आशियु' असतं, फक्त पाय सोडून बसायची जागा. ते आपल्याला सहज जमतं. माळ्यावर तांब्याचं घंगाळ असेल तर खाली काढा, नाहीतर रुंद टब चालेल. पाय आधी न्हाणीघरात धुऊन या. मग घोट्याच्या वर येईल एवढं, चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी घ्या. हात घालून सुखाने ठेवता आला पाहिजे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर कोमटच ठेवा. डिसेंबरच्या सर्वांत मोठ्या रात्रीला जपानी लोक पाण्यात युझू नावाचं लिंबू सोडतात. आपण ईडलिंबाच्या चार फोडी टाकाव्यात.

समोरासमोर बसा, चारही पाय एकाच घंगाळात. पंधरा मिनिटं पुरेत. एकमेकांचे पाय टिपून द्या, तेही सावकाश. बोलायलाच हवं असं नाही.

तिसरी पायरी: कपडे आणि वास

घरी युकाता, म्हणजे सुती किमोनो, असेल तर उजवी बाजू आधी, तिच्यावर डावी. उलटं फक्त मृताला नेसवतात, एवढं विसरू नका. नसेल तर धुऊन मऊ झालेला सुती झब्बा किंवा साडी उत्तम.

हेइआन काळात अगर, चंदन, लवंग अशा द्रव्यांच्या मधात मळलेल्या गोळ्या निखाऱ्याच्या धगीवर तापवून, वर जाळीदार चौकट ठेवून तिच्यावर कपडे पसरत. अंधारात माणूस वासाने ओळखू यायचा. आपणही कपाटातली ओढणी आणि सदरा संध्याकाळीच धुपावर धरून ठेवावा. निखारा दूर असू द्या, कापडाला धग लागता कामा नये. जपानीत सुगंध घेण्याला 'ऐकणं' म्हणतात. खोलीभर धूर करण्यापेक्षा चंदनाचा एक तुकडा पुरतो.

चौथी पायरी: चंद्र येईपर्यंत

फोन आत, दिवे बंद. एकाच वेळी एकच माणूस बोलेल आणि दुसरा ऐकेल. जवळ येणं दोघांच्याही मनात असेल तेव्हाच. नुसता चंद्र बघून झोप लागली तरी रात्र पुरी झाली.

पाचवी पायरी: सकाळ

खरी मेहनत इथे आहे. दहाव्या-अकराव्या शतकातली दरबारी लेखिका सेई शोनागोन हिने प्रियकराच्या पहाटेच्या निघण्याबद्दल लिहून ठेवलंय. अंधारात पंखा कुठे, कागद कुठे म्हणून चाचपडत, धडपडत निघणारा तिला असह्य होत असे. पाय निघत नाही असं दिसावं, एवढीच तिची अपेक्षा. म्हणून ऑफिसची बॅग, किल्ल्या, डबा रात्रीच जागेवर ठेवा. सकाळची शेवटची पाच मिनिटं रिकामी ठेवा.

मग चिठ्ठी. व्हॉट्सअॅपवर नको, कागदावर आणि हाताने. ती तान्का या जुन्या जपानी काव्यप्रकारात लिहा: पाच ओळी, ५-७-५-७-७ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. 'प्रेम', 'हृदय', 'तुझ्याविना' हे शब्द वर्ज्य. काल रात्रीची किंवा आज सकाळची एकच दिसणारी वस्तू घ्या आणि तिच्यावरच थांबा. मी लिहिलेली एक:

पायरीवर
तुझे ओले पाऊल
सुकले आता
चहाचा कप मात्र
अजून कोमटच

पहिल्या खेपेला अक्षरं जमणार नाहीत. बोटांवर मोजत दोन-तीनदा लिहा, पण खाडाखोड केलेला कागद देऊ नका, स्वच्छ उतरवून काढा. कागद लांबट घडी घालून त्याची सैल गाठ मारायची आणि ऋतूतल्या डहाळीला बांधायची. तिकडे प्लम, विस्टेरिया; आपल्याकडे तगर, अनंत, सोनचाफा, पावसाळ्यात नुसती गवताची काडीही चालेल. कागदाचा रंग फुलाशी जुळला तर पाठवणाऱ्याने विचार केलाय हे उघडण्याआधीच कळतं. डब्याच्या पिशवीत, गाडीच्या किल्लीशी, चष्म्याच्या घरात ठेवा.

आणि उत्तर त्याच दिवशी द्यायचं. जुन्या रीतीत आलेल्या ओळींतला एखादा शब्द उचलून उत्तर गुंफत. वरच्या चिठ्ठीतल्या कपाला मला संध्याकाळी उत्तर आलं, बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अक्षरं दोन जास्त होती. कप विसळून ठेवला होता आणि त्यात तगरीची एक कळी होती.