मूळ अवस्थेतली एमजीबी घेताना या चुका टाळा

ब्रिटनमधल्या जाहिरातींत ‘ओरिजिनल, अनरिस्टोअर्ड’ असं लिहिलेलं दिसलं की जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत लगेच चढते. नोकरीधंद्यानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांपैकी कुणी अशी गाडी घ्यायचा विचार करत असेल, तर मी एमजी कंपनीची एमजीबीच सुचवतो. साधी, दणकट आणि घरी दुरुस्त करता येण्यासारखी गाडी आहे. पण घेताना लोक ठरावीक ठिकाणीच फसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. जीटी, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी, धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे एमजीबी मिळणं अवघड नाही, कुणी न उकललेली एमजीबी मिळणं अवघड आहे. हिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आणि रबर आजही नवं मिळतं. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर अख्खी बॉडी बनवून विकते. सुटे भाग इतके हाताशी असले की गाडी उघडायचा मोह कुणाला आवरत नाही. साठ वर्षं हा मोह टाळलेली गाडी सापडली, तर ती नीट तपासून घ्यायला हवी.

रंग बघून भुलणं

चकचकीत रंग म्हणजे चांगली गाडी, ही पहिली चूक. वरून कीर्तन आणि आतून तमाशा असलेल्या एमजीबी बाजारात भरपूर आहेत. उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते: रंग विटलाय, धूळ बसलीय, म्हणजे गाडी ‘मूळ’ असणारच! नुसती हेळसांड झालेली गाडी आणि जपलेली गाडी यांत फार अंतर असतं. जपलेल्या गाडीचा रंग घासून पातळ झालेला असतो, पण दारांच्या आत, डिकीच्या झाकणाखाली आणि डॅशबोर्डामागे तोच रंग सापडतो. बाहेर लाल आणि गालिच्याखाली हिरवा असेल, तर पुढचं काही ऐकत बसू नका.

पुट्टी ओळखायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. मात्र सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून गाडी नाकारू नका. जुन्या गाडीवर ते बॉनेट अजून टिकून असणं ही जमेची बाजू आहे.

सिल न तपासणं

इथे घाई करू नका. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. रोडस्टरला, म्हणजे उघड्या एमजीबीला, पक्कं छतही नाही, त्यामुळे गाडीची सगळी ताकद दारांखालच्या दोन सिलमध्ये असते. हे सिल एका पत्र्याचं नसतं. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली खाचाखाचांची पट्टी, जिला कॅसल रेल म्हणतात. गंज आतून सुरू होतो आणि बाहेरच्या पत्र्यावर फुगा दिसेपर्यंत मधला पडदा बहुधा खलास झालेला असतो.

गाडी सपाट जमिनीवर उभी करा, दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर फट मिटत आलीय आणि खाली बोट जातंय, याचा अर्थ गाडी मधोमध बसली आहे. एक तर सिल सडलंय, किंवा कुणीतरी बॉडीला आधार न देता सिल कापून वाकड्या अवस्थेतच नवं वेल्ड केलंय. दुसरं जास्त वाईट, कारण ते सरळ करायला सगळं पुन्हा कापावं लागतं. मालकाची परवानगी घेऊन जॅक लावा. चाक उचलताना ती फट बदलली तर आभार मानून निघा.

मग टॉर्च घेऊन आडवे व्हा. कॅसल रेलच्या खाचा मोकळ्या दिसल्या पाहिजेत, आतलं पाणी तिथूनच निघून जातं. त्या जागी सपाट पट्टी किंवा काळ्या अंडरसीलचा (गंज रोखायला खालून फासतात त्या लेपाचा) जाड थर असेल, तर जुन्या सडलेल्या सिलवर नुसतं नवं झाकण ठोकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. न उकललेल्या गाडीखाली ताजं काळं अंडरसील कशाला हवं, हे मालकाला सरळ विचारा.

बाकीच्या जागा: हेडलाइटमागे मडगार्डचा वरचा भाग, पुढच्या मडगार्डचं खालचं टोक, मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाची बैठक, आणि सीटमागे फळीखाली लपलेले बॅटरीचे खण.

कागद वरवर चाळणं

चेसिस नंबरची सुरुवात बघा. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ असतो. १९६७ च्या अखेरीपर्यंत ३, त्यानंतर ४ आणि मग ५. नंबरात एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची म्हणून बनली होती. बहुतेक एमजीबी अमेरिकेला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ परत आल्या. कोरड्या हवेतून आलेल्या गाडीचा पत्रा सुंदर असतो. पण स्टिअरिंग उजवीकडे आणि नंबरात एल, तर ती ‘हात न लावलेली’ नाही.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात आणि कुठल्या देशासाठी, हे त्यावर येतं. ते गाडीशी ताडून बघा. कमी मायलेजच्या दाव्याला मात्र मीटरचा पुरावा पुरत नाही, कारण पाच आकडी मीटर लाख मैलांनंतर पुन्हा शून्यावर येतं. एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी, तिचे जुने कागद आणि बिलं सलग जुळली, तरच ते मैल खरे मानायचे.

४० वर्षांपुढच्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. कित्येक गाड्या तेव्हापासून कुणी खालून बघितलेल्याच नाहीत. तुमच्या खर्चाने एमओटी करून घ्या. पैसे कमी लागतात आणि गाडी रॅम्पवर चढते.

गरम इंजिनावर समाधान मानणं

जाण्याआधी मालकाला सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटखाली हात लावून बघा. चावी फिरवली की मागून पेट्रोलच्या एसयू पंपाची टिकटिक ऐकू येते आणि कार्ब्युरेटर भरले की थांबते. ती थांबतच नसेल तर कुठेतरी पेट्रोल गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. टिकटिकच नाही, तर बहुतेक वेळा पंपाचे पॉइंट्स चिकटलेले असतात. हे काम किरकोळ आहे, पण त्यावर भाव कमी करून मागायला हरकत नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० ते ७० पीएसआय हवं. गाडी सुरू करताना ते छान दिसतं आणि अर्ध्या तासाने कोसळतं, म्हणून चाचणी लांबची घ्या. ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवून वेग राखणारा जादा गिअर) लागत नसेल तर घाबरू नका, दोष बऱ्याचदा तारेत, स्विचमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये असतो. तारांच्या चाकांची गाडी मागेपुढे घेताना ‘टक’ असा आवाज आला, तर चाक हबवर पकडून ठेवणारे दाते, म्हणजे स्प्लाइन, झिजलेले असू शकतात. नुसतं चाक बदलून भागत नाही, हबही बदलावा लागतो. स्टिअरिंग जड लागलं तर पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला वर्षानुवर्षं ग्रीस मिळालेलं नाही असं समजा.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना किंवा नवा रेडिओ जोडताना हे विसरलात, तर काहीतरी जळालंच म्हणून समजा.

घेतल्यावर ‘सुधारायला’ जाणं

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे. मूळ गाडी टिकवणाऱ्या म्हाताऱ्या मालकाकडून ती घ्यायची आणि वर्षभरात नवा रंग, नव्या सीट, क्रोम डायल! १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबर बंपरच्या गाड्यांना तर लोक सर्रास क्रोम बंपर बसवतात. तसल्या न बदललेल्या गाड्या अजून स्वस्त मिळतात आणि त्या तशाच ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सुरक्षिततेचं मात्र सगळं बदला. ब्रेकच्या नळ्या आणि रबरी होज, टायर, पेट्रोलचे पाइप. टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे, त्यावर गाडी पळवू नका. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालंय. जुन्या रबराला ते मानवत नाही, ई५ सुपर भरा. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी साध्या जुन्या गाडीचे पैसे पुढे करेल.

फार दिवस उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवा, मगच बॅटरी जोडा. आणि काढलेला कोणताही भाग, अगदी तुटका स्विच असला तरी, तारखेची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. पुढच्या मालकाला ते खोकं गाडीसोबत द्यायचं आहे.