वैनगंगेवरच्या सवयी तीर्थनवर नेऊ नका: शरदातल्या ट्राउटसाठी या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडचा गळ टाकणारा माणूस थांबायला शिकलेला असतो. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, थर्माकोलचा तुकडा डोहात सोडायचा आणि तो बुडेपर्यंत हलायचं नाही. रोहूसाठी हे बरोबरच आहे. पण हिमाचलात तीर्थनसारख्या नदीवर फ्लायने ट्राउट, म्हणजे थंड डोंगरी पाण्यातला मासा, धरायला गेलं की हीच सवय नडते. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. तिला वास नाही, वजन जवळपास नाही. ती खऱ्या किड्यासारखी वाहिली तरच मासा तोंड उघडतो.

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतं. दिवाळी नोव्हेंबरात येणाऱ्या वर्षी सुट्टी धरून गेलात तर नदी नुसती बघावी लागेल. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंतचा काळ धरा. मत्स्य विभागाचा परवाना काढा आणि त्यावरचे लांबीचे व संख्येचे नियम नदीवर उतरण्याआधी वाचा.

सामानात फार डोकं लढवू नका. ९ फुटी, ५ नंबरची चार तुकड्यांची रॉड, त्याच नंबरची तरंगती लाइन (आवरण असलेली जाड दोरी, नंबर तिच्या वजनाचा), तिच्यापुढे ९ फुटी निमुळता धागा म्हणजे लीडर आणि टोकाला ५एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिमी जाडीचा धागा. रेल्वेत रॉड मोडू नये म्हणून शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा वापरा. ८० सेंमी लांबीत चारही तुकडे मावतात.

फेक

आपल्या गळाला शिसं असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे उलट आहे. वजन लाइनीत असतं आणि फ्लाय नुसती मागे जाते. म्हणून जोर लावून फेकणाऱ्याची फेक पायाशीच पडते. सराव गावातच करून जा. सप्टेंबरात बांधीत धान उभं असतं, तेव्हा शाळेचं गवताळ मैदान किंवा तलावाची पाळ बघा. मुरमावर नको, लाइनीचं आवरण खरवडतं. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि ८-९ मीटर लाइन बाहेर काढा.

मागे चाबकासारखा फटका ऐकू आला तर लाइन मागे पूर्ण सरळ होण्याआधीच तुम्ही हात पुढे आणलाय. नदीवर असं झालं की फ्लाय तुटून जाते आणि माणूस तासभर नुसता धागा फेकत राहतो. मान वळवून लाइन उलगडताना बघा, मग पुढे या. लाइन समोर ढिगासारखी पडत असेल तर मनगट मागे मोडतंय आणि रॉडचं टोक जमिनीकडे झुकतंय. सरळ डोक्यावर घड्याळातले बारा धरले, तर मागे नेताना टोक एकच्या पलीकडे जाऊ देऊ नका. लीडरला आपोआप गाठी पडत असतील तर पुढच्या फेकीत सुरुवातीलाच झटका बसतोय. वेग हळूहळू वाढवा. अशी गाठ दिसली की धागा तिथेच कापून नवा जोडा. गाठीपाशी त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते.

ओढ

सगळ्यात जास्त मासे इथे हातचे जातात, आणि माणूस दोष फ्लायला देतो. मासा दगडामागच्या संथ पाण्यात असतो, तुमच्या आणि त्याच्यामध्ये वेगाची धार असते. धार लाइन पकडते, लाइन फ्लायला ओढते. मग फ्लायच्या मागे पाण्यावर बारीक रेघ उमटते, मासा वर येतो, नाक लावतो आणि वळून खाली जातो. शेजारून वाहणारं पिवळं पान किंवा फेसाचा बुडबुडा बघा. फ्लाय त्याच्या बरोबरीने जात नसेल तर ओढ आहे.

उपाय असा: लाइन पाण्यावर टेकताक्षणी रॉडच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून वरच्या अंगाला अर्धगोल टाका. ओढ सुरू झाल्यावर हे करून उपयोग नाही. शिवाय जवळ जा. ६-७ मीटरवरून रॉड उंच धरली तर लाइन धारेला लागतच नाही. तरीही रेघ दिसली तर टिपेट ६० वरून ९० सेंमी करा.

वर मासे उठत नसतील तर १४ किंवा १६ नंबरची, डोक्याला मणी असलेली निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बांधलेली फ्लाय, तळाशी सोडा. तरंगता खुणेचा गोळा पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. दहा फेकींत एकदाही तळ लागला नाही तर गोळा १५ सेंमी वर सरकवा. दरवेळी अडकत असेल तर खाली घ्या. आणि गोळा बुडायची वाट बघू नका. तो थबकला, किंचित तिरपा झाला, तरी रॉड उचला. नुसती उचला. रोहूला देतो तसा हिसका दिला तर ५एक्स तुटणारच.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून जा. उंच काठावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं राहिलं की निवळ पाण्यातला मासा आधी तुम्हाला बघतो. पहाटे जाऊन कुडकुडत बसण्यातही अर्थ नाही. ऑक्टोबरात सकाळचं पाणी इतकं गार असतं की मासा हलत नाही. ऊन पाण्यावर आल्यावर, दहा-अकरापासून चारपर्यंत खरा वेळ.

आता जी चूक एका पावलात होते ती. ब्राउन ट्राउट शरदाच्या शेवटी अंडी घालायला लागतो. उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा उजळ, साफ केल्यासारखा खड्यांचा लांबट पट्टा दिसला तर ते त्याचं घरटं आहे. त्यावर पाय पडला की खड्यांखालची अंडी चिरडतात. तिथे उभ्या मासळीवर फ्लायही टाकू नका. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, पाण्याबाहेर काढू नका, आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवा.

वाळूत अनवाणी चालायची सवय इथे धोक्याची आहे. तळाशी गोटे, त्यावर शेवाळ, आणि पाणी बर्फाचं. टोंगळ्याच्या वर पाणी नको, हातात काठी हवी. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगा कशी चढते हे आपल्याला माहीत आहे. तीर्थन ज्या बियास नदीला मिळते, तिच्या खोऱ्यातही धरणाखाली तसंच होतं. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात उतरूच नका.

घरी आल्यावर लाइन रीळावर घट्ट ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली तिचं आवरण चिकटतं आणि पुढच्या वर्षी ती स्प्रिंगसारखी वेटोळी पडते. साबणाच्या कोमट पाण्यात फडक्याने पुसा, सैल वेटोळं करा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, उन्हापासून लांब, खुंटीला टांगा.