आंधळा, लंगडा, येडा, मेंटल: रोजच्या बोलण्यातले हे शब्द कसे निवडायचे, कसे सोडायचे

'येडा व्हयना का रे?' (वेडा झालास का रे?) हे वाक्य धुळ्या-जळगावात दिवसभरात किती वेळा कानावर पडतं त्याची गणतीच नाही. त्यातल्या बहुतेक वेळा कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. म्हणून 'अपंगत्वातून आलेले सगळे शब्द आजपासून बंद' असा फतवा घरात काढला तर तो दोन दिवसही टिकणार नाही, आणि टिकवायची गरजही नाही. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवता आलं पाहिजे.

त्यासाठी शब्दाचं मूळ शोधत बसू नका. 'लंगडी' हा खेळ आणि 'लंगडा' आंबा यांनी कुणाचं काही बिघडत नाही. उलट 'ढ' या अक्षराचा अपंगत्वाशी काही संबंध नाही, तरी वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलाला तेच अक्षर सगळ्यांत जास्त लागतं. शिवी तोंडातून निघायच्या आधी एकच विचारा: समोरच्याला हे उद्यापासून सोडता येईल का? कामचुकार, आडमुठा, थापाड्या, निगरगट्ट, चेंगट, रिकामटेकडा, आगाऊ, लबाड हे सगळं सोडता येतं, म्हणून त्यावर बोललेलं माणूस रागावून का होईना, ऐकतो. लंगडा, बहिरा, चकणा, तोतरा, मतिमंद हे कुणी ठरवून सोडू शकत नाही. मराठीत वागण्यावरून द्यायच्या शिव्या इतक्या आहेत की शरीराकडे वळायचं कारण पडू नये.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर वहीच्या पानावर तीन रकाने ठेवा: काय बोललो, कुणाला बोललो, खरं काय म्हणायचं होतं. तिसरा रकाना महत्त्वाचा, आणि तो भरताना बऱ्याच जणांची पंचाईत होते. शिवीने राग दिसतो, पण तक्रार कळत नाही.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत कटाई चालू आहे असं समजा. मजुराच्या हातून घड टेम्पोच्या फाळक्यावर आदळला. मुकादम ओरडतो, 'आंधळा आहेस का?' मजुराला दिसतंय. घड कुठे धरायचा आणि कसा टेकवायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पुढचा घडही तसाच आदळणार. आणि आदळलेली केळी लगेच कळत नाहीत, पिकायला लागल्यावर त्या जागी काळी पडतात, तोवर माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. त्याऐवजी 'दांडा घट्ट धर, खाली पाला टाक, मग हळू टेकव' एवढं सांगितलं तर ते बोलायला शिवीइतकाच वेळ लागतो आणि नुकसान थांबतं. घरीही हेच करता येतं. 'तुले दिखस नही का?' ऐवजी 'तुन्हं ध्यान कोठे शे?' म्हणा. जरब तीच राहते, डोळ्यांवर काही जात नाही.

येडा, मेंटल आणि 'ठाण्याला पाठवा'

लाडाने 'येडं माझं' म्हणणाऱ्या आईला कुणी अडवू नये. पण ज्या घरात कुणाला मानसिक आजार आहे त्या घरात, त्या गल्लीत हाच शब्द जपून वापरायला हवा. आणि 'मेंटल', 'हाफ मेंटल', 'येरवड्याहून सुटलाय', 'ठाण्याला पाठवा' हे सरळ सोडून द्यावेत. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, खान्देशात एकही नाही. त्यामुळे इकडे ही नावं उपचारांची जागा म्हणून कमी आणि टवाळी म्हणून जास्त ठाऊक आहेत. याचा तोटा असा की झोप उडालेला, कशातच मन न लागणारा माणूस 'लोक मेंटल म्हणतील' म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळतो, आणि घरचे भगताकडे नेतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. टवाळीऐवजी हा क्रमांक सांगा.

'मतिमंद' या शब्दाची गोष्ट वेगळी. तो आला सभ्य शब्द म्हणून, शाळांच्या पाट्यांवर बसला आणि पोरांनी त्याची शिवी केली. आता कायद्याच्या भाषेत 'बौद्धिक दिव्यांगता' आहे. पण 'दिव्यांग'सुद्धा हेल काढून म्हटलं की टोमणाच होतो. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर बऱ्याच सवलती मिळतात, म्हणून 'हा 40 टक्केवाला' असंही चिडवता येतं. नुसता नवा शब्द आणून भागत नाही.

घोषणा आणि भाषणं

'आंधळं-बहिरं सरकार' ही मोर्च्यातली घोषणा तर तर्कालाही धरून नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याचा त्यात दोष नसतो. सरकारला बहिरं म्हटलं की उलट त्याला सूटच मिळते. 'ऐकूनही न ऐकणारं सरकार' म्हणा, ते जास्त बोचतं. 'लंगडी सबब'ला 'फुसकी सबब' आहे, 'पांगळी यंत्रणा'ला 'ढेपाळलेली यंत्रणा', 'आंधळा विश्वास'ला 'डोळे झाकून ठेवलेला विश्वास'. जुन्या म्हणी मोडायच्या भानगडीत पडू नका. समोर अंध श्रोता बसलेला असेल तर दुसरी म्हण घ्या, एवढंच.

गावातली टोपणनावं

हे सगळ्यांत अवघड. एका गावात एकाच नावाचे चार आप्पा असतात, मग 'लंगडा आप्पा', 'बहिरा आबा', 'चकणा नाना' अशी ओळख पडते. हळूहळू ती किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत, मोबाइलमध्ये, लग्नाच्या याद्यांमध्ये जाते. नातवंडांनासुद्धा 'लंगड्याचा नातू' म्हणतात. हे बदलायचं तर आधी त्या माणसालाच एकट्यात विचारा. काहींना ते नाव चालतं, काहींनी आयुष्यभर दात-ओठ खाऊन सोसलेलं असतं. तोंडावर विचारल्याशिवाय कळत नाही, आणि चारचौघांत विचारलं तर 'चालतं की' हेच उत्तर येणार.

नवीन नाव काम, जागा किंवा वडिलांच्या नावावरून काढा: चक्कीवाले आप्पा, मळ्यातले आबा, पाटचारीकडचे नाना. नाव जुन्याइतकंच सुटसुटीत हवं. लांबलचक आदरार्थी नाव काढलं की लोक आठवड्यात जुन्यावर येतात. आधी स्वतःच्या मोबाइलमधली नोंद बदला, मग दुकानाच्या वहीतली. कुणी जुन्या नावाने विचारलं तर व्याख्यान न देता 'चक्कीवाले आप्पा ना? ते तर आत्ताच गेले' असं उत्तर द्या. दहा वेळा कानावर पडलं की नाव रुळतं.

शाळेत

'ढ' आणि 'आळशी' हे शब्द बऱ्याचदा शिक्षकाच्या तोंडूनच मुलांकडे जातात. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यातले बरेच डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. रक्त कमी, हाडं-सांधे अचानक ठणकतात, पोर कवायतीला बसून राहतं. त्याला 'आळशी', 'मरतुकडा' म्हणण्याआधी रक्त तपासलं आहे का, ते पालकांना विचारा. आळस सोडता येतो, सिकलसेल नाही, म्हणजे वरची कसोटी वापरायलाही आधी माहिती लागते. तोतऱ्या मुलाचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका आणि 'सावकाश बोल' असंही सांगू नका, त्याने तो आणखी अडतो. त्याचं होईस्तोवर थांबा. कर्णबधिर मुलाला 'मुका' म्हणणं तर चूकच आहे: बहुतेकांचा गळा ठीक असतो, बोली कधी कानावर पडलेलीच नसते म्हणून ती उमटत नाही.

कुठे गाडी रुळावरून घसरते

एक शिवी सोडून तिच्या जागी जातीची किंवा बाईपणाची शिवी आणणं, हे सर्रास होतं. 'आंधळा' सोडून 'बांगड्या भर' म्हणण्यात काही कमावलं नाही. दुसरीकडे लोक इतके धास्तावतात की अंध माणसाला 'बघा ना' म्हणायलाही कचरतात. अंध माणसं स्वतः 'मॅच पाहिली' म्हणतात, चाकाच्या खुर्चीवरच्या मित्राला 'चल, फिरून येऊ' म्हणायला हरकत नाही. 'बिचारा' मात्र टाळा, शिवी नसूनही तो शब्द माणसाला खाली बसवतो.

जीभ घसरलीच तर 'चुकलं, माफ करा' एकदाच म्हणा आणि वाक्य पुन्हा नीट बोला. पाच मिनिटं माफी मागत बसलं की त्या माणसालाच तुमची समजूत काढावी लागते. वडीलधाऱ्यांना सर्वांसमोर टोकू नका. नंतर बाजूला घेऊन 'दादा, त्यांच्या पोराला लागलं ते' एवढं सांगितलं की बहुधा पुरतं.

मित्राला 'आंधळा आहेस का' म्हटलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. पण दिव्यांग व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर, अपमानित करायच्या हेतूने मुद्दाम पाणउतारा केला किंवा तिला धमकावलं तर 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली तो गुन्हा आहे. शिक्षा किमान 6 महिने, जास्तीत जास्त 5 वर्षं, आणि दंड. तक्रार द्यायची वेळ आली तर बोललेले शब्द जसेच्या तसे, सभ्य न करता, त्याच दिवशी लिहून ठेवा. अर्जात नुसतं 'अपशब्द वापरले' असं मोघम लिहू नका. सोबत वेळ, ठिकाण, ऐकणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा.