जुनी काळी सायकल रोज चालवायचीय? मग रंग नंतर, कॉटर पिन आधी

जुनी सायकल हातात आली की बहुतेक लोक पहिलं काम काय करतात, तर ती रंगवायला टाकतात. पावडर कोटिंग, नवीन स्टिकर, चकाचक क्रोम, आणि मग पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. तसं करायचं असेल तर खुशाल करा, पण हा लेख त्यासाठी नाही. आजोबांची अ‍ॅटलस, मामांची हर्क्युलिस नाहीतर जुन्या बाजारात मिळालेली रॅले घेऊन ज्यांना रोज भाजी आणायला, ऑफिसला, लायब्ररीत जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. 'अँटिक आहे, जपून ठेवा, फार चालवू नका' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दूधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार यांनी याच सायकली लोड लादून वर्षानुवर्षं हाकल्यात. ग्रीस आणि तेल वेळेवर मिळालं तर चालवून यांचं काही बिघडत नाही, उलट उभी ठेवली की टायर चिरतात, ग्रीस वाळून कडक होतं आणि कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) जागेवर धरून ठेवणारी पाचर, गंजून क्रँकमध्ये बसते ती बसतेच.

मी इथे फक्त रॉड ब्रेकच्या (केबलऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक), २८ इंची चाकाच्या काळ्या सायकलीबद्दल बोलतोय.

घेताना

पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो, पण त्याआधी नातेवाइकांच्या माळ्यावर आणि वाड्याच्या बोळात बघा. फ्रेम २२ इंची की २४ इंची ते विचारा आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा, जमिनीवर पाय टेकवून दांडीच्या वर दोन बोटं तरी जागा हवी. २४ इंची दिसायला रुबाबदार असते म्हणून बुटकी माणसंही तीच घेतात आणि मग प्रत्येक सिग्नलला कसरत करतात. पुढच्या नळ्या जिथे हँडलच्या नळीला मिळतात तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा, रंगाला आडवी सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून जोरात ठोकलेली आहे, ती सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

कंपनी ओळखायची असेल तर स्टिकर बघू नका, स्टिकर कोणीही छापून लावतं. चेनव्हील, म्हणजे पॅडलजवळचं मोठं दातेरी चाक बघा. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याचं तोंड कापलेलं असतं, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसं, बीएसएच्यात सरळ अक्षरंच. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या आणि रॉड ब्रेकचे सांधे कसे बसतात त्याचे फोटो काढून ठेवा, खोललेली सायकल परत जोडताना ते फोटोच कामाला येतात.

इंग्लंडमधली की इथली? शोसाठी इंग्लंडमधली घ्या. रोज चालवायला मी सोनीपतची अ‍ॅटलस किंवा लुधियानाची हीरो घ्या असंच सांगेन. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेच्या बी.बी. कपाचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस फिरतो त्या जागेच्या वाटीचे) आटे इंचाला २६, बाकी बहुतेकांचे इंचाला २४, त्यामुळे कप खराब झाला की गावभर हिंडावं लागतं. आणि कोणी २४ आट्यांचा कप जबरदस्तीने फिरवला की फ्रेमच कामातून जाते. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण त्या मापाचे पार्ट अजून कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात.

खोलणं आणि साफसफाई

डिझेल, जुना टूथब्रश, फडकं. क्रोमवरचा वरवरचा गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की जातो. मूळ रंग, सोनेरी रेघा, जुना नगरपालिकेचा बिल्ला सापडला तर तो, सगळं आहे तसं ठेवा. बास.

कॉटर पिन

आता मुख्य काम. क्रँक अ‍ॅक्सलला धरून ठेवणारी ही बोटभर लांबीची लोखंडी पाचर, तिची एक बाजू तिरकी सपाट घासलेली असते आणि तो सपाट भाग अ‍ॅक्सलच्या खाचेवर दाबून बसतो. तुमच्या पायाचा सगळा जोर या दोन पिनांमधूनच चेनकडे जातो. पॅडल मारताना दर फेरीला पाय एका ठराविक जागी जरासा घसरल्यासारखा वाटतो ना, तो लचका म्हणजे पिन सैल. तपासायचं सोपं आहे, दोन्ही क्रँक आडवे करा, ब्रेक धरा, दोन्ही पॅडलवर उभे राहा, मग क्रँक अर्धा फेरा उलट फिरवून परत उभे राहा. एका बाजूला 'टक' करून हललं की समजायचं.

मी या पिनेशी फार झगडलोय, आणि माझा ठाम अनुभव असा की पिन वाईट नसते, ती काढायची आणि बसवायची पद्धत वाईट असते. व्हिडिओत दाखवतात की नट काढा आणि हातोडी मारा. तसं करू नका! कृपा करून करू नका. एका दुकानात माझ्या सायकलच्या क्रँकखाली काहीच आधार न देता दणादण घाव घातले होते, पिन निघाली पण तो सगळा मार अ‍ॅक्सलमधून आतल्या छर्‍यांवर गेला आणि छर्‍यांनी कपात बारीक खड्डे पाडले. अ‍ॅक्सल नुसता बोटांनी फिरवला तरी खरखर हाताला लागायची. कप, अ‍ॅक्सल, छर्रे, सगळं बदलावं लागलं.

काढायची रीत अशी. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी नट सैल करा पण काढू नका, नटाची वरची कड आणि पिनेचं टोक एका पातळीत आणा म्हणजे घाव पडला तरी आटे चेपणार नाहीत. आता जाड लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, क्रँक आडवा असताना जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर पोचेल एवढा, आणि पिनेचं जाड डोकं त्या पाइपच्या भोकात आरामात शिरेल एवढा. पाइप क्रँकला खालून घट्ट टेकला पाहिजे, मध्ये एक कागद जाईल एवढी फटही नको, सायकलचं वजन त्या पाइपवर आलं पाहिजे. मग किलोभर वजनाच्या हातोडीने एकच सरळ घाव. छोट्या हातोडीने वीस टकटक करण्यात काही अर्थ नाही, त्याने फक्त पिनेचं टोक पसरतं आणि मग ती कशानेच निघत नाही. घरी दणकट सी-क्लॅम्प किंवा वाईस असेल तर हातोडीला हातच लावू नका, एका बाजूला पोकळ सॉकेट लावून पिन दाबून बाहेर काढा, हीच सगळ्यात चांगली पद्धत. तरीही हलली नाही तर लेथवाल्याकडे न्या आणि ड्रिलने काढून घ्या, तिथे हट्ट नको.

पिना निघाल्याच आहेत तर आतलं ग्रीस बदलून घ्या. डावा कप खोला, उजव्याला हात लावू नका, त्याचे आटे उलटे असतात आणि तो काढायची सहसा गरजही पडत नाही. एकेका बाजूला पाव इंची ११ छर्रे, सगळे नवीन टाका, स्वस्त मिळतात.

बसवणं हे काढण्यापेक्षा नाजूक काम. जुनी पिन व्हर्नियरने मोजा, साडेनऊ मिलिमीटर आहे की नऊ ते बघून तशीच आणा, अंदाजाने नको. दोन्ही पिना एकाच दुकानातून एकाच डब्यातल्या घ्या, कारण सपाट भागाचा उतार दोघींचा सारखा हवा. दुकानातच कानस एकदा हलकेच फिरवून बघा, कानस सहज रुतली तर लोखंड मऊ आहे, ती पिन महिन्याभरात चेपणार.

नवीन पिन जशी आली तशी कधीच बरोबर बसत नाही. सपाट भागावर मार्करची शाई लावा, पिन क्रँकमध्ये हाताने सरकवा, हलवा, काढा. जिथे शाई पुसली गेली तिथेच पिन अ‍ॅक्सलला टेकतेय. पूर्ण सपाट भागावरची शाई सारखी पुसली जाईपर्यंत उंचवटा कानशीने थोडा थोडा घासायचा, दोन-तीन हात फिरवायचे आणि परत बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळे घाई करतात. जास्त घासलं तर पिन खूप आत जाते, आटे जास्त बाहेर येतात आणि नट आवळला तरी पिनेला पकड राहत नाही, मग ती फेकूनच द्यावी लागते. दुसरी पिनही तेवढीच घासायची, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि गुडघ्याला रोज त्रास होतो.

पिना कुठल्या बाजूने घालायच्या यावर लोक खूप घोळ घालतात. उजवा क्रँक वर आणल्यावर नट ज्या बाजूला दिसतो, डावा क्रँक वर आणल्यावरही नट त्याच बाजूला दिसला पाहिजे. एवढं तपासा, पुरे.

मग पिन क्लॅम्पने दाबून आत बसवा, क्लॅम्प नसेल तर परत तोच पाइपचा आधार आणि हातोडी. पिन पक्की बसल्यावरच नट आवळायचा. नट आवळून पिन आत ओढून घेऊ नका, नटाचं काम फक्त बसलेली पिन जागेवर ठेवणं एवढंच आहे, ओढायला गेलात तर आटे साफ होतात. वीसेक किलोमीटर चालवून झाली की पिन परत दाबा, नट परत आवळा. हा दुसरा हात बहुतेक मेकॅनिक देत नाहीत आणि मग गिऱ्हाईक म्हणतं जुन्या सायकलींच्या पिना टिकत नाहीत. दोनदा दाबलेली पिन वर्षानुवर्षं हलत नाही.

'सगळं काढून कॉटरलेस (बिनपिनेचे क्रँक) बसवा' असंही सांगतील. त्यात बगळ्याचं किंवा पाच माणसांचं चेनव्हील भंगारात जातं. माझं मत विचाराल तर नाही.

ब्रेक, टायर, बाकीचं

रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतात, कडेला नाही. म्हणून आधी चाकाचा आउट (वेडंवाकडं फिरणं) काढून घ्या, वरखालीचासुद्धा, नाहीतर ब्रेक एका जागी घासेल आणि दुसऱ्या जागी लागणारच नाही. ब्रेकच्या शूची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला ठेवा, उलटी बसवली तर जोरात ब्रेक मारल्यावर रबर निसटून रस्त्यावर पडतं. सांध्यांना तेलाचा थेंब, रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर.

टायरवर २८ x १½ लिहिलेलं हवं आणि बारीक अक्षरात ६३५, हा टायर रिमवर बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास. काही दुकानदार ७००सी दाखवून म्हणतात की हा पण २८च, पण त्याचं माप ६२२, तो या रिमवर चढत नाही, जबरदस्ती केली तर फाटतो. हवा ४० ते ५० पौंड. ट्यूबचा जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या आतली रबरी नळी दर पावसाळ्याआधी बदला, रात्रीत हवा जाते आणि पंक्चर काही सापडत नाही तेव्हा दहातल्या नऊ वेळा तीच चिरलेली असते.

चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत, १२ इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग) झालं की बदला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. कातडी सीट असेल तर भिजू देऊ नका आणि खालचा बोल्ट सारखा आवळत बसू नका.

रोज चालवताना

पुढे ४४ दात, मागे १८, म्हणजे सपाट रस्त्यावर ही सायकल मजेत आपल्या चालीने चालते, टिळक रोड, जंगली महाराज रोड, कॅम्पातले रस्ते यांच्यासाठी याहून चांगली सायकल नाही असं मी मनापासून म्हणतो. ताठ बसायचं, घाई करायची नाही, पाय हळू पण एकसारखे फिरवायचे. वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे वेग धरायला वेळ लागतो, पण एकदा धरला की खड्ड्यातूनही ती डगमगत नाही. चढाला उभं राहून जोर लावायचा नाही, उतरायचं आणि हातात धरून चालायचं. उभं राहून मारलेला प्रत्येक झटका थेट पिनेवर जातो.

पावसात फार सांभाळा. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर घसरतं आणि सायकल थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, म्हणून सिग्नल दिसला की लांबूनच ब्रेक हलका धरून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग दाबायचा. सिंहगड रोडच्या उताराला भर पावसात स्कूटरच्या मागे चिकटून जाऊ नका, ब्रेक लागेपर्यंत तुम्ही तिच्या नंबर प्लेटवर असाल.

डायनॅमो चालू असेल तर ठेवा, सहा व्होल्टचा एलईडी बल्ब टाका, पण थांबलात की तो विझतो म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा लावाच. घंटी जुनीच असू द्या, तिचा आवाज रिक्षावाल्यालाही ऐकू जातो.

महिन्यातून एकदा चेनला तेल आणि नटांवरून पान्हा, पावसाळ्यात दर आठवड्याला. कुलूप दोन लावा, चाकाचं आणि एक साखळीचं, आणि साखळी सीटच्या स्प्रिंगमधून ओवून घ्या, कारण जुन्या सायकलीची चोरी होते ती बहुतेक वेळा सीटचीच.