चर्चिलचा कालपट: तीन चार्टपेपर, 201 सेंटिमीटर

गोव्यातल्या शाळेत किंवा गावच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धाचं प्रदर्शन मांडलं की चर्चिलचा तक्ता असतोच. बहुतेकदा जागा दिसेल तिथे फोटो चिकटवलेले, आणि माणूस जन्मला तो थेट पंतप्रधान झाला असं वाटतं. एकच माप शेवटपर्यंत पाळा.

56 बाय 71 सेंमीचे तीन चार्टपेपर आडवे जोडा. प्रत्येक जोड 1 सेंमी एकमेकांवर चढवला की लांबी 211 होते. 1874 ते 1940 ही 67 वर्षं. वर्षाला 3 सेंमी दिले की 201, शिवाय दोन्ही कडांना 5-5 मोकळे. महिना अडीच मिलिमीटरचा. मुख्य रेघ तळापासून 30 सेंमीवर. पहिली खूण 30 नोव्हेंबर 1874, जन्म.

बालपण पटकन उरकतं: 1888 ला हॅरो ही शाळा, मग सँडहर्स्ट या लष्करी कॉलेजची प्रवेशपरीक्षा, तीही तिसऱ्या खेपेला सुटली. घोळ होतो पुढे. फेब्रुवारी 1895 ला घोडदळात नेमणूक, 1896 बेंगळुरू, 1897 वायव्य सरहद्दीवर मलाकंदची लढाई, 1898 सुदानात ऑम्डुरमनची लढाई, जुलै 1899 ओल्डहॅमच्या निवडणुकीत पराभव, नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांच्या कैदेत, डिसेंबरात पलायन, ऑक्टोबर 1900 ला त्याच ओल्डहॅममधून खासदार. आठ घटना, जागा 17 सेंमी. इथे माप ताणायचा मोह होतो, ताणू नका. 8 बाय 5 ची आठ कार्डं करा, रेघेच्या वर दोन-दोनच्या चार ओळींत लावा आणि दोऱ्याने आपापल्या तारखेला जोडा.

पलायनाचं कार्ड ठळक करा. बोअरांच्या प्रिटोरियाहून निघून तो मालगाडीत लपून पोर्तुगीज हद्दीतल्या लोरेन्सू मार्किशला, आजच्या मापुतोला, पोचला. तेव्हा पणजीवरही तोच झेंडा होता. आपल्याकडचा माणूस या कार्डापाशी थांबतोच. रेघेखाली 10 सेंमीची गोव्याची पट्टी द्या: 1895 चं राणे घराण्याचं बंड, 1910 ला पोर्तुगालात प्रजासत्ताक, 1928 ला गोवा काँग्रेस कमिटी.

पक्षासाठी रेघेचाच रंग बदला: हुजूर पक्ष निळा, 1904 पासून उदारमतवादी पिवळा, 1924 ला निवडून येताना पुन्हा निळ्याकडे. 1915 ला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या फसलेल्या मोहिमेपायी नौदलमंत्रिपद गेलं, तिथे तांबडी खूण.

1929 ला अर्थमंत्रिपद संपलं, सप्टेंबर 1939 ला नौदलखातं परत मिळालं. मधले 30 सेंमी जवळजवळ कोरे राहतात. पाहुणे येणार म्हणून तिथे सिगारचा फोटो डकवू नका.

शेवटची खूण 1874 च्या आरंभापासून 199 सेंमीवर: 10 मे 1940, पंतप्रधानपद. ‘निवडणूक जिंकून’ असं लिहिणारे दरवर्षी निघतात. नॉर्वेतल्या फसलेल्या मोहिमेवर संसदेत झालेल्या चर्चेनंतर पंतप्रधान चेंबरलेनचं बहुमत 81 वर आलं, त्याने राजीनामा दिला आणि राजाने चर्चिलला बोलावलं.

जुलैत मांडणार असाल तर मैद्याची खळ वापरू नका, आठवड्यात बुरशी धरते. फेव्हिकॉल पातळ लावा आणि वरच्या कडेला मागून बांबूची कांब द्या, नाहीतर दमट हवेत जोड मधोमध पोट काढतो.