एफएल स्टुडिओतून रीपरमध्ये: गाणं हलवू नका, आवाज हलवा

मी मिरजेत घरच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, अभंग आणि कीर्तनं रेकॉर्ड करतो. नऊ वर्षं एफएल स्टुडिओवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर, काढली. बीट रचायला मला आजही तेच आवडतं, शिवाय एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट. तरी सोडलं, कारण माझ्याकडे येणारी मंडळी बीट रचत नाहीत. बुवा, पेटी, पखवाज, चार टाळकरी एकदम बसतात आणि पन्नास मिनिटं कुणी थांबत नाही. एफएलमध्ये हे होतच नाही असं नाही. पोळपाटावर भाकरी थापता येतेच की, पण काठवट ती काठवट.

रीपर हे असंच दुसरं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. त्यात जायचं ठरलं, की पहिल्या दिवशी जुनी सगळी गाणी तिकडे न्यायचा उत्साह येतो. तो आवरा. एफएलची फाइल रीपर उघडत नाही. माझे दोनशेच्या वर प्रोजेक्ट होते, त्यातले मी तीन हलवले, ज्यांचं काम अर्धवट होतं तेवढेच. बाकीचे आहेत तिथे आहेत आणि एफएल अजून कॉम्प्युटरवर आहे. नवीन काम मात्र पहिल्या दिवसापासून नव्यात.

त्या तिघांचं कसं केलं ते सांगतो. आधी एफएलच्या मिक्सरमधल्या प्रत्येक ट्रॅकला नाव द्या. नाहीतर 'इन्सर्ट १४' नावाच्या फाइली समोर येतात आणि त्यात टाळ कुठला, चिपळी कुठली, हे ऐकत बसावं लागतं. मग वेव्ह एक्स्पोर्ट करताना 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स'वर खूण करा, २४ बिट घ्या, आणि शेवट 'लीव्ह रिमेंडर'वर ठेवा, म्हणजे रिव्हर्बचं, आवाज घुमवणाऱ्या इफेक्टचं, शेपूट तुटत नाही. हे दोनदा करा. एकदा इफेक्ट लावून, एकदा 'इन्सर्ट इफेक्ट्स'ची खूण काढून. पहिला संच जुनं गाणं कसं वाजत होतं त्याची आठवण, दुसरा नव्याने मिक्स करायला. ग्रुप ट्रॅकची (अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या ट्रॅकची) वेगळी फाइल आली असेल तर ती बाजूला काढा. ती आणि तिच्यातले सुटे ट्रॅक एकत्र वाजवले तर सगळं दुप्पट होतं.

मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर कुठला सूर कधी वाजवायचा याची नोंद, हवी असेल तर सांभाळून. 'टूल्स'मधल्या मॅक्रोत 'प्रिपेअर फॉर मिडी एक्स्पोर्ट' आहे. ते दाबलं की सगळी वाद्यं जाऊन त्यांच्या जागी नुसते मिडी आउट उरतात. म्हणून आधी प्रोजेक्ट दुसऱ्या नावाने सेव्ह करा आणि त्या कॉपीवरच हे दाबा. रीपरमध्ये मिडी उघडल्यावर दचकू नका. एफएल ज्याला सी ५ म्हणतं, त्यालाच रीपर सी ४ म्हणतं. नाव बदललं, सूर तोच. काळी चार काळी चारच राहते.

बाहेरचे व्हीएसटी प्लगइन (सॉफ्टवेअरच्या आत उघडणारी इतरांची वाद्यं आणि इफेक्ट) दोन्हीकडे चालतात. एफएलची स्वतःची वाद्यं रीपरच्या यादीत सुटी दिसणार नाहीत, पण अख्खं एफएल रीपरच्या आत प्लगइन म्हणून उघडता येतं. माझा सायट्रस या एफएलच्या वाद्यातला एक तानपुऱ्यासारखा आवाज अजून तसाच चालतो.

आता माझी फजिती. नवीन प्रोजेक्टचा टेम्पो (मिनिटाला किती ठोके) मी ८८ टाकला, फाइली आत ओढल्या, मग आठवलं की गाणं ८४चं होतं. आकडा बदलला. गाणं वाजलं, सूर जागेवर, मी खूश. संध्याकाळी पखवाजवाले काका आले. अर्धा मिनिट ऐकून म्हणाले, "अरे, हा हात माझा नाही. मी एवढी कणीक लावतो का?" खरंच, धुमाची, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडाची, थाप ओल्या पोत्यावर पडल्यासारखी येत होती. रीपरने टेम्पोबरोबर ऑडिओही ताणला होता. सूर न हलवता ताणतो, म्हणून मला कळलं नाही. उपाय दोन मिनिटांचा: ऑल्ट-एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा, आयटमचा (ट्रॅकवरच्या तुकड्याचा) टाइमबेस 'टाइम' करा, टेम्पो बरोबर टाका, आणि मगच फाइली शून्यावर ठेवा. क्लिकशिवाय, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय, वाजवलेल्या वाद्यांना तर याला पर्यायच नाही.

सगळं जागेवर बसलं का हे कानावर सोडू नका. मास्टरवरचे (सगळे ट्रॅक शेवटी एकत्र येतात तिथले) इफेक्ट बंद करून एफएलमधून पूर्ण गाण्याची एक वेव्ह काढा. ती रीपरमध्ये इफेक्टवाल्या संचाच्या शेजारी ठेवून तिच्या ट्रॅकवरचं फेज उलटं करायचं बटण दाबा, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना पुसून टाकतात. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) सगळे शून्य डीबीवर. शांतता झाली की जमलं. कोरस किंवा रिव्हर्बची बारीक खसखस राहील, ती चालते. पण पेटी स्पष्ट ऐकू आली, तर पेटीची फाइल सुटली आहे किंवा दोनदा आली आहे.

शॉर्टकट पाठ करायच्या भानगडीत मी पडलो नाही. कंट्रोल-टी नवा ट्रॅक, एस कापायला, कंट्रोल-आर रेकॉर्ड. बाकी काही अडलं की प्रश्नचिन्हाची की दाबायची, सगळ्या कामांची यादी उघडते, तिथे शोधायचं आणि हवी ती की लावायची. बोटांपेक्षा डोक्याला जास्त वेळ लागला. एफएलमध्ये वाद्य एकीकडे, पॅटर्न दुसरीकडे, मिक्सर तिसरीकडे. रीपरमध्ये ट्रॅक म्हणजेच मिक्सरची पट्टी, त्यावर ऑडिओ ठेवा नाहीतर मिडी. मी महिनाभर एफएलसारखे पॅटर्न (पुन्हा पुन्हा वापरायचे छोटे तुकडे) शोधत होतो. चार टाळ एका फोल्डर ट्रॅकखाली टाकले आणि तो फोल्डरच ग्रुपसारखा वागला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

पैशांचं म्हणाल तर रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. नंतर वैयक्तिक वापराला किंवा वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला ६० डॉलर, त्यापुढे २२५. माझी उलाढाल तिथपर्यंत पोचली तर मी आधी या गाद्या बदलेन.

काकांनी परवा नवीन मिक्स ऐकलं. काही बोलले नाहीत, फक्त मांडीवर ताल धरला. मी ती फाइल त्याच दिवशी दोन डिस्कवर ठेवली.