जॅक उचलतो, स्टँड धरतो

गाडी उचलायचा जॅक घ्यायला गेलं की दुकानदार आधी किती टनाचा ते विचारतो. वॅगनआरसारखी गाडी रिकामी टनाच्या आतच भरते, आणि आपण एका वेळी एकच बाजू उचलतो. दोन टनाचा ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, पुष्कळ झाला. इनोव्हावाल्यांनी तीनचा घ्यावा. मी मात्र टनाआधी उंची पाहतो. पूर्ण खाली बसलेला जॅक गाडीखाली शिरायला हवा, म्हणून टेपने मोजूनच दुकानात जा.

उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड जोडीनेच घ्या, दातेरी खांबाला शिवाय पिनही लागणारे. जॅकमधलं तेल अडवणारं सील गळलं की गाडी खाली बसते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. विटांचा थर तर बिलकुल नको, बाप्पा!

नागपुरात आणखी एक भानगड आहे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की डांबर मऊ पडतं, स्टँडचे पाय रुततात. पावसाळ्यात अंगणातली काळी माती त्याहून वाईट. सपाट सिमेंटवरच काम करा. पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. स्टँड गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच टेकवा आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा.